मनगटं मोकळी पाहिजेत

माझ्या भाचीची पोरगी नागपुरात जरीपटक्याला राहते आणि यंदा नर्सिंगला लागली. परवा ती आली, सोफ्यावर फतकल मारून बसली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, बघ नं आजी, काय काय लिहून पाठवलं आहे यांनी. कॉलेजचं पत्रक होतं. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, मेंदी नाही, कानात एकच बारीक खडा, बोटात अंगठी नाही, मनगटावर दोरा, कडं, बांगडी काही नाही, केस जाळीत आणि कॉलरच्या वर. पोरगी चांगलीच तापली होती. आजी आयुष्यभर दवाखान्यात भांडत आली, आजी आपल्या बाजूने बोलेल, असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, सगळं बरोबर आहे, अंगठीखाली घाण राहते आणि काचेची बांगडी उघड्या जखमेवर फुटली तर ती काच कोण काढणार, तू? तिचा चेहरा उतरला. चहा अर्धा टाकून ती निघून गेली आणि मी दुपारभर तशीच बसून राहिले. नियमांवर माझा राग कधीच नव्हता. राग होता तो एका बाईवर, आणि दुसऱ्या एका बाईवर, आणि इतकी वर्षं झाली तरी तो जसाच्या तसा आहे. थोडा माझ्या स्वतःवरही आहे. तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

आमचं घर उमरेडचं, विणकराचं. बाबांचा खड्ड्यातला माग पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत खटखट करायचा, आणि आम्हाला त्याची इतकी सवय की तो थांबला की घरातले सगळे मान वर करून बघायचे. मी मॅट्रिक पास झाले तेव्हा शाळेतल्या बाईंनी नागपूरच्या एका नर्सिंग स्कूलचा फॉर्म आणून दिला. त्यावर तीन रकाने होते: अविवाहित, विधवा, परित्यक्ता. नवरा असलेल्या बाईसाठी रकानाच नव्हता. मी अविवाहितपुढे खूण केली आणि केली तेव्हा ती अगदी खरी होती. मग पाच-सहा महिने कुठूनच पत्र नाही. बाबांनी समजून घेतलं की हे काही आता होत नाही, आणि उन्हाळ्यात माझं लग्न उरकून टाकलं. स्कूलचं बोलावणं आलं ते लग्नानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. ते पत्र हातात घेऊन मी माझ्या नवऱ्याला, सुधाकरला, त्या रकान्यांबद्दल सांगितलं. तो सातवी शिकलेला, मऊ स्वभावाचा माणूस. तो म्हणाला, तिथं कोण पाह्यते, तू जा. आपल्या आईला त्याने सांगितलं की तीन वर्षांचाच प्रश्न आहे, मग घरात सरकारी पगार येईल. रकान्याचं मात्र आम्ही दोघांनीच पोटात ठेवलं.

सासर उमरेडच्या पुढे, मिरची पिकवणाऱ्यांचं. हंगामात त्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. लाल मिरचीचे ढीग, भोवती बसलेल्या बाया, आणि दिवसभर देठ खुडण्याचा तो बारीक टक टक आवाज. घरात सगळ्यांना कायम शिंका. देठ खुडून खुडून बोटं अशी जळायची की जेवताना भाकर हातात धरवत नसे. मी ताटावर बसून हातावर फुंकर घातली की सासू एकदा बघायची आणि आणखी ठेचा वाढायची. तिला मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाईंनी मला कधी शिवी दिली नाही, कधी आवाज चढवला नाही. बाईचा आवाज दुधासारखा होता आणि नजर सुईसारखी. घरात काय सरकलं, काय उणं झालं, कोणी किती खाल्लं, तिला न पाहता कळायचं. तिने मला नागपूरला सोडलं ते एका बोलीवर: दर दुसऱ्या रविवारी घरी यायचं, आणि यायचं ते सवाष्णीसारखं.

आता दुसऱ्या बाईकडे येते. वसुमती सिस्टर, आमच्या ट्यूटर. समोर सगळ्याच अहोजाहो करायचो. आज मी करणार नाही, माझं वय झालं, हौस फेडून घेते. सकाळी साडेसहाला होस्टेलच्या व्हरांड्यात आम्हा चाळीस मुलींना ती ओळीने उभी करायची. पांढरा फ्रॉक, त्यावर निळा एप्रन, हात पुढे, आधी पालथे, मग उताणे. तिच्या डाव्या हातात स्टीलचा किडनी ट्रे असायचा, वॉर्डात रोग्याला ओकारी आली की पुढे धरतात तो. ज्या मुलीच्या अंगावर काही सापडेल ते त्या ट्रेमध्ये जायचं. कोणाची नाकातली मुरणी, कोणाची चांदीची चेन, कोणाच्या आईने बांधलेला ताईत. टण्ण करून आवाज व्हायचा आणि पुढची मुलगी आपले कान चाचपायची. वस्तू सुटीत परत मिळायची, पण तोवर तोंडाने जे मिळायचं ते कायमचं. माझी खोलीतली सोबतीण लीला, कळमेश्वरची, हसरी पोरगी. तिच्या डोळ्यांत एकदा काजळ दिसलं, तर सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाली, "माणूस मरायला टेकला आहे, आणि तू डोळे कोणाला दाखवणार आहेस?" लीला त्यानंतर तीन वर्षं काजळाच्या वाटेला गेली नाही. मी नंतर मेट्रन झाले, शेकडो पोरींच्या बांगड्या उतरवल्या, पण असं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. जीभ काही माझी कमी तिखट नाही.

तर माझं हे असं दोन्हीकडून चाललं होतं. इकडे हात मोकळे पाहिजेत, तिकडे भरलेले. मंगळसूत्र मी पावडरच्या डब्यात तळाशी ठेवायचे, वर पावडर. दुसऱ्या रविवारी बसस्टँडवर आले की बायकांच्या संडासात शिरायचं, नाक दाबून मंगळसूत्र घालायचं, जोडवी चढवायची, कुंकू लावायचं आणि बांगड्या सरकवायच्या. त्या बांगड्या मी मुद्दाम मोठ्या मापाच्या घेतल्या होत्या, झटकन निघाव्या म्हणून. बाहेर येऊन उमरेडची एसटी पकडायची. परतताना सगळं उलट. एकदा एक म्हातारी संडासाच्या दारात उभी होती. मी आत गेले पोरगी आणि बाहेर आले सवाष्ण. ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मला इतकं हसू आलं की बसमध्ये बसेपर्यंत आवरेना. हसायचेच दिवस होते ते. दीड वर्ष कोणाला पत्ता लागला नाही आणि मला वाटायला लागलं की मी फारच हुशार आहे.

मग संक्रांत आली. मिरचीचा हंगाम, मी ढिगापाशी बसून देठ खुडत होते आणि हात वर केला की बांगड्या घसरून पार कोपराला जात होत्या. आत्याबाई समोर बसली होती. तिने खुडणं थांबवलं नाही, नजरही उचलली नाही. "ह्या बांगड्या कोनाच्या वं?" मी म्हटलं, माझ्याच. "तुया हाताच्या तं नाई दिसत," एवढंच ती म्हणाली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कासारीण हजर. हळदीकुंकवाला आलेल्या बाया भोवती बसलेल्या, कोणी तिळगूळ चघळतंय, कोणी माझ्या हाताकडे बघतंय. कासारणीने माझा पंजा असा दाबला की हाडं एकमेकांवर चढली. मी म्हटलं, थोडी मोठी बघा. ती आत्याबाईकडे बघून हसली आणि आणखी एक नंबर बारीक काढली. दोन्ही हातांत बारा बारा हिरव्या बांगड्या भरल्या. भरल्या कसल्या, ठोकल्या. सुधाकर दारात उभा होता. त्याला सगळं कळत होतं. तो आत पाणी प्यायला निघून गेला.

होस्टेलला पोचले तेव्हा संध्याकाळ होती. साबण लावला, खोबरेल लावलं, वॉर्डातलं व्हॅसलीन लावलं. लीला ओढायला बसली. डाव्या हातातल्या चार निघाल्या, त्याही कातडी घेऊन. बाकीच्या हलेनात. लीलाला माझं सगळं माहीत होतं. ती वैतागून म्हणाली, फोड नं वं आता, कोण पाहून राहिलं इथं. सोपं होतं, खाटेच्या लोखंडी पायावर हात आपटायचा की झालं. पण ते माझ्याने होईना. आमच्यात बांगडी चुकून फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हाताने ओळीने सगळ्या फोडतात ते एकदाच, माणूस गेल्यावर. मी तोंडाने कोणाच्या बापाला भीत नव्हते, प्रेत धुवायला घाबरले नव्हते, आणि त्या हिरव्या काचेला घाबरले. सुधाकर रोज संध्याकाळी खदानीच्या रस्त्याने सायकलवर घरी येतो, त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात, एवढंच माझ्या मनात परत परत येत होतं.

सकाळी मला अक्कल सुचली, आणि असली अक्कल नर्सिंगच्या पोरीलाच सुचू शकते. मी दोन्ही मनगटांना बांगड्यांवरून बँडेज गुंडाळलं आणि घरी उकळतं पाणी सांडून भाजलं असं सांगायचं ठरवलं. लीला म्हणाली, दोन्ही हात सारखेच कसे भाजले? मी म्हटलं, तू गप बस. व्हरांड्यात उभी राहिले. सिस्टर ओळीतून येत येत माझ्यापाशी थांबली. काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं. तिने ट्रे कठड्यावर ठेवला आणि माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. तिला बांगड्यांचा संशय नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिचं लक्ष होतं बँडेजवर. ती म्हणाली, हे उलट बांधलं आहे, बोटांकडून कोपराकडे जायचं असतं, हे कोपराकडून खाली आलं आहे. आणि चाळीस मुलींना चूक दाखवायला ती एकेक वेढा सोडत गेली. चौथा वेढा सुटला आणि बांगड्या वाजल्या.

ती ओरडली नाही. मला ऑफिसात नेलं, टेबलावर टॉवेल अंथरला, माझं मनगट त्यावर ठेवलं, वर टॉवेलची घडी टाकली आणि पेपरवेट उचललं. इथे मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. संक्रांतीची हौस, आईने भरल्या, असं काहीही सांगता आलं असतं. कुमारी पोरीही बांगड्या भरतातच की. पण ते पेपरवेट खाली येताना पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नका फोडू सिस्टर, नवरा जिवंत आहे माझा." तिचा हात वरच थांबला. माझ्याकडे तिने एकदा नीट बघितलं. मग पेपरवेट खाली आणलं, आणि उरलेल्या सगळ्या, दोन्ही हातांच्या, शांतपणे फोडल्या. काच दोन ठिकाणी लागली होती. तिथे तिने स्पिरिट लावलं आणि बँडेज बांधलं, बोटांकडून कोपराकडे, मला प्रत्येक वेढा दाखवत. मला त्या वेळी तिच्या हाताला चावावंसं वाटलं होतं.

मग कपाटातून माझा फॉर्म निघाला. तिने अविवाहितवर बोट ठेवलं आणि म्हणाली, विवाहित मुलीला इथे जागा नाही. तिने बोट पुढच्या दोन रकान्यांवरून फिरवलं. "नवरा जिवंत आहे म्हणालीस, म्हणजे एकच रकाना उरतो. नवऱ्याने सोडल्याचा कागद आण, सरपंचाच्या सहीचा. पंधरा दिवस देते. नाहीतर ट्रंक उचल आणि मिरच्या खुड." मिरच्यांचं तिला कसं कळलं? माझ्या बोटांवरून कळलं असणार, ती लाल होती. आमच्या बॅचच्या बाया भेटल्या की म्हणतात, अगं, तिने तुला वाट काढून दिली, उपकारच केले. कसले उपकार? तिला काही विचारायचं नव्हतं, माझं काय होईल ते बघायचं नव्हतं. तिला कागद स्वच्छ हवा होता, मनगटासारखा. त्या पंधरा दिवसांत मला कळून चुकलं की ट्रंक उचलली तर मी त्या अंगणातून पुन्हा बाहेर पडणार नाही. मला नर्स व्हायचं होतं. नवरा नको होता असं नाही, पण नर्स व्हायचंच होतं.

रविवारी जाऊन मी सुधाकरला मिरचीच्या पोत्यांमागे गाठलं आणि सांगितलं. दाखवायचा कागद आहे, फाइलमध्ये पडून राहील, तीन वर्षं झाली की फाडून टाकू. तो म्हणाला, काय लिवाचं असते त्यात? त्याला काही सुचेना. मग मीच सांगितलं. मी, खाली सही करणारा, माझी पत्नी सौ. मंदाकिनी हिला स्वखुशीने सोडून दिले आहे, यापुढे तिच्याशी माझा कोणताही संबंध राहणार नाही. शब्द माझे, अक्षर त्याचं. सौ. लिहू का नको म्हणून तो अडला तेव्हा आम्ही दोघंही हसलो, हे मला आठवतं. सरपंचाने वाचलं, एकदा सुधाकरकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, पक्कं नं गा म्हणून विचारलं आणि शिक्का मारला. दिवस मावळायच्या आत गावभर झालं. त्या दिवशी आत्याबाईने मला पहिल्यांदा तव्यावरची गरम भाकर वाढली, वर तुपाची धार सोडली आणि समोर बसून माझं जेवण होईपर्यंत पाहत राहिली. मला वाटलं, बाई मवाळ झाली. किती मूर्ख होते मी.

वसुमती सिस्टरने कागद फाइलला लावला, अविवाहित शब्दावर लाल रेघ मारली आणि पुढे परित्यक्ता लिहिलं. घरी येऊ नकोस, लोक बोलतात, असा निरोप सासरहून आला, तोही मला सोयीचाच वाटला. परीक्षा जवळ होती. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि एका दुपारी वॉचमन सांगत आला की फाटकावर कोणी माणूस आला आहे. दोनला माझी ड्युटी होती, मी टोपी लावून तयार होते. फाटकाशी सुधाकर. सायकलच्या कॅरिअरला माझी पत्र्याची पेटी बांधलेली. मी विचारण्याआधीच तो बोलायला लागला. आईने भिवापूरकडची पोरगी पाहिली आहे. सोमवारी हळद आहे. कागद सगळ्या गावाने वाचला, आता नाही कशाच्या जोरावर म्हणू? मी म्हटलं, तो कागद खोटा आहे हे तुला माहीत नाही का? तो माझ्याकडे बघेना. सायकलच्या हँडलकडे बघत म्हणाला, "काय लिवाचं थे तूच तं सांगतलं होतं, मंदे."

मी त्याला खूप बोलले. त्याच्या आईचा उद्धार केला, तिने गरम भाकर काहून वाढली ते मला त्या क्षणी उमजलं होतं. सिस्टरचा केला, त्याचा केला, शेंदाड आहेस म्हटलं, आईने सांगितलं तर तू विहिरीतही उडी घेशील म्हटलं. येणारेजाणारे थांबून बघत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मी दमले तेव्हा तो म्हणाला, "तू आत्ता चाल म्हणशील तं मी घरी जाऊन नाही म्हनतो. पेटी अशीच वापस नेतो. चालतेस का?" तो ते मनापासून म्हणत होता. मऊ माणूस, पण तेवढं करायचं धैर्य त्याने कुठून तरी उमरेडच्या पुढून सायकल मारत गोळा करून आणलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. आत वॉर्डाची घंटा झाली. मी त्याला पेटी खाली ठेवायला सांगितलं.

माझ्या सर्व्हिस बुकात, पगाराच्या कागदांवर, पेन्शनच्या अर्जावर शेवटपर्यंत परित्यक्ता हाच शब्द राहिला. लोकांनी माझी कीव केली, मला बदल्यांत सवलती दिल्या, मी त्या घेतल्या. तो शब्द मी कधी दुरुस्त केला नाही, कारण खरं लिहायला तिथे रकाना नव्हता. सुधाकरने मला टाकलं नाही. तो फाटकाशी उभा राहून मला विचारत होता, आणि मी ड्युटीवर निघून गेले.